सव्वाअकराशे पौंडांचा संसार

मोटारीचे चालकाकडील दार उघडले की चौकटीच्या खालच्या अंगाला एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली दिसते, आणि ज्यांचे सारे आयुष्य मोटारी चालवण्यात गेले अशा बहुसंख्य लोकांनीही ती कधी वाचलेली नसते. आमच्या टोयोटा टॅकोमा पिकअपच्या चौकटीवरील चिठ्ठीने असे फर्मावले आहे की, माणसे आणि सामान मिळून या गाडीवरील भार १,१२५ पौंडांच्या वर कदापि जाता कामा नये. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहराच्या उपनगरात, एका हिवाळ्याच्या सुट्यांतून आणि संध्याकाळच्या फावल्या वेळातून, या गाडीच्या हौद्यावर आम्ही उभयतांनी जे उघडमीट छपराचे घर उभारले आणि ज्यात बसून वसंताच्या अखेरीस नेव्हाडाचे वाळवंट आडवे ओलांडले, त्याची प्रत्येक फळी, प्रत्येक बिजागरी आणि शेवटी शेवटी तर प्रत्येक चमचासुद्धा त्या चिठ्ठीपुढे हजर होऊन मंजुरी घेऊन आला.

पिकअप हे अमेरिकेचे राष्ट्रीय वाहन म्हणावे इतके ते येथे सर्वत्र आहे. परंतु लहान, सडपातळ, समुद्रापार बांधलेली पिकअप मात्र येथे औषधालाही मिळत नाही, आणि या दुर्भिक्ष्याचे मूळ शोधू गेल्यास आपण चक्क कोंबडीपाशी जाऊन पोहोचतो. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वस्त अमेरिकन कोंबड्यांनी पश्चिम युरोपची बाजारपेठ व्यापली तेव्हा तेथील सरकारांनी त्यांच्यावर जबर जकात बसवली. वाटाघाटींतून काही निष्पन्न होत नाही असे पाहून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये उलट जकात जाहीर केली, आणि तिच्या यादीत ब्रँडी, बटाट्याचे पिष्ट, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक अशी परस्परांशी कसलेही नातेगोते नसलेली नावे एका ओळीत बसली. बाकीच्यांची कालांतराने सुटका झाली. हलक्या ट्रकांवरील २५ टक्के जकात मात्र कोंबडीचा तंटा सर्वजण विसरून गेल्यावरही कायम राहिली. परिणामी जपानी कंपन्यांनी आपले कारखानेच इकडे आणले, आणि आमची टॅकोमा नावाने टोयोटा असली तरी जन्माने टेक्सासातील सॅन अँटोनिओची आहे. सरकारी दप्तरातील एखादा हुकूम किती दूरवर आणि किती अनपेक्षित ठिकाणी जाऊन पडतो, याचे मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

हौद्यावर घर बांधायचे तर ते कायम उंच छपराचे का नको, असे कोणीही विचारील. त्याचे शास्त्रीय उत्तर असे की, उंच पेटी वाऱ्याला छाती दाखवते, इंधन खाते, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळे घाटातील वळणावर जीव मुठीत धरायला लावते. परंतु आमचे खरे उत्तर निराळे होते. आम्ही राहतो त्या वसाहतीच्या नियमावलीत, कोणाही रहिवाशाने आपल्या अंगणात मुक्कामी वाहन उभे करू नये असे एक कलम आहे, आणि त्याची अंमलबजावणी करणारे सद्गृहस्थ सकाळी कुत्रे फिरवण्याच्या मिषाने दररोज गस्त घालतात. म्हणजे घर रात्री गॅरेजात गेले पाहिजे, आणि गॅरेजचे दार सात फूट उंच आहे. टॅकोमाचे केबिन मुळातच जवळजवळ एकाहत्तर इंच. त्यावर झोपण्याचा माचा, माच्यावर छप्पर, आणि दोहोंमध्ये कापडाची घडी मावेल एवढी फट धरून आम्ही एक्याऐंशी इंचांवर थांबलो, तेव्हा चौकटीखाली अवघे तीन इंच मोकळे राहिले. रस्त्यावर ठेंगणे आणि मुक्कामी ताठ उभे राहणारे घर ही आमची हौस नव्हती, तर ती त्या कलमाची आणि त्या दाराची निष्पत्ती होती.

मग जमाखर्च मांडला. आम्हा दोघांचे वजन सव्वाअकराशेतून वजा केल्यावर आठशे पंधरा पौंड उरले. (या आकड्यातून आम्हा दोघांचे एकत्रित वजन चाणाक्ष वाचक काढीलच, वेगवेगळे मात्र मी सांगणार नाही.) दहा गॅलन पाणी म्हणजे ८३ पौंड, कारण पाण्याचा एक गॅलन आठ पौंडांहून थोडा अधिक भरतो आणि वाळवंटात पाण्याशी घासाघीस करता येत नाही. विजेवर चालणारा लहान फ्रीज, लिथियमची बॅटरी, सौर पत्रा, शेगडी, गादी, शिधा, हत्यारे आणि जादा चाकाखेरीज लागणाऱ्या बाकीच्या चीजवस्तू यांना अडीचशे पौंड दिले, तेव्हा प्रत्यक्ष घरासाठी, म्हणजे चार भिंती, माचा, छप्पर आणि ते उचलणारी यंत्रणा यांसाठी, पावणेपाचशेहून थोडे अधिक पौंड शिल्लक राहिले. पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडचा आठ फूट लांब, चार फूट रुंद असा एकच तक्ता साठ-सत्तर पौंड भरतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या ध्यानात येईल की लाकडाचे घर बांधण्याचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

उपाय सापडला तो इमारतींच्या भिंतीत उष्णतारोधक म्हणून घालतात त्या गुलाबी फोमच्या तक्त्यांत. थर्मोकोलच्या जातीचाच, परंतु त्याहून घट्ट विणीचा हा पदार्थ दोन इंच जाड घेतला तरी पूर्ण तक्ता नऊ-दहा पौंडांच्या पुढे जात नाही. मात्र नखाने खरवडला तरी तो कुरतडला जातो, म्हणून त्याला कवच हवे. नावाजलेले कारागीर त्यावर काचतंतू आणि राळ चढवतात, जे खर्चिक असून त्याचा वास महिनाभर घराचा ताबा सोडत नाही. गरिबांची एक पद्धत आहे ती आम्ही पत्करली: रंगारी लोक जमिनीवर अंथरतात ते जाड सुती कापड फोमवर पसरायचे, पाण्याला दाद न देणारा सुतारी गोंद थोडे पाणी घालून सैल करायचा, रुळाने तो कापडाच्या आरपार मुरवायचा, वाळल्यावर कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ झाले की घराच्या बाहेरील भिंतींना देतात तो रंग दोन-तीन हातांनी द्यायचा. गोंद ओला असताना कापडावरून तळहात फिरवला म्हणजे खाली अडकलेला हवेचा बुडबुडा बोटांना लागतो. तो कडेपर्यंत ढकलत न्यावा लागतो, घाई केली तर तो दोन होऊन परत येतो, आणि नेमक्या त्याच जागी पुढे रंग फुगतो. जेथे बोल्ट बसणार तेथे फोम कोरून लाकडाचे ठोकळे आधीच घातले, कारण फोमला स्क्रूची पकड मुळीच नाही. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. ते कुंपणावरून हे सर्व पाहत आणि मान हलवत, परंतु ठोकळे कोठे हवेत हे मात्र त्यांनीच खडूने आखून दिले.

छप्पर वर जाणार ते दोन मार्गांनी जाऊ शकते. एका बाजूस बिजागऱ्या लावून ते मगरीच्या जबड्याप्रमाणे उघडता येते, अथवा चारही कोपरे सारखे वर उचलता येतात. पहिला मार्ग सोपा, पण पायथ्याशी डोके आपटते. आम्ही दुसरा स्वीकारला. पुढच्या आणि मागच्या बाजूस छपराच्या रुंदीची एकेक आडवी फळी, जी मधोमध लांबलचक पियानो बिजागरीने दुमडते, खाली भिंतीला आणि वर छपराला तशाच बिजागरीने जोडलेली असते; माणसाने आत वाकून उभे राहायचे, खांद्याने छप्पर रेटायचे, आणि दुमड सरळ झाली की फळी स्वतःच खांब बनते. या रेटण्यास हातभार म्हणून मोटारीची डिकी तोलून धरणारे वायुदाबाचे दांडे आम्ही चार बसवले.

राहिले कापड. वर गेलेले छप्पर आणि खालची भिंत यांमधील दोन फुटांची मोकळी जागा चहूबाजूंनी प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरने बंद करायची होती, आणि हा मक्ता माझ्या पत्नीने घेतला. घरगुती शिवणयंत्र त्या कापडाचे दोन पदर निमूटपणे घेई. कोपऱ्यावर चार पदर आले की सुई अडे, मग ती पायाचे बटण सोडून हाताने चाक फिरवी आणि एकेक टाका टाकी. पहिल्यांदा कापड लावून छप्पर खाली घेण्यापूर्वी तिने मला थांबवले.

"अहो, छप्पर खाली येईल, पण एवढे कापड जाणार कुठे?"

"ते आपोआप आत पडेल."

"आपोआप कसे पडेल? त्याला आत ओढणारे काही नको का?"

मी भूमिती सांगू लागलो, तोवर तिने कापडाच्या मध्यावर खडूची रेघ ओढलीही होती. त्या रेघेवर तिने सभोवार नेफा शिवला आणि त्यात जाड रबरी दोर ओवून त्याची टोके किंचित ताणून बांधली. छप्पर खाली येऊ लागताच दोर आखडतो, कापडाचे पोट आत ओढले जाते आणि घडी कोठेही न चेमटता बसते. धंदेवाईक कारखानदारही हाच उपाय योजतात असे नंतर कळले. तिने तो परकराच्या अनुभवावरून काढला होता.

अमेरिकेचा ५० क्रमांकाचा महामार्ग आमच्या गावाशेजारीच, वेस्ट सॅक्रामेंटो येथे सुरू होतो, आणि तेथे लावलेल्या पाटीवर अटलांटिक किनाऱ्यावरील ओशन सिटी ३,०७३ मैल असल्याचे कसलाही गाजावाजा न करता लिहिलेले आहे. आम्हांला त्यातील जेमतेम सहावा हिस्सा जायचे होते. वाटेत प्लासरव्हिल लागते. सोन्याच्या शोधाची साथ आली त्या काळी जॉन स्टुडबेकर नावाचा तरुण येथे येऊन सोने खणण्याऐवजी खाणवाल्यांना लाकडी हातगाड्या करून विकत बसला. तो पैसा घेऊन तो इंडियानात भावांच्या गाड्यांच्या धंद्यात शिरला आणि पुढे त्याच घराण्याच्या नावाच्या मोटारी जगभर धावल्या. हाताने गाडा बनवणाऱ्या कोणाही माणसाने त्या गावावरून जाताना हॉर्न वाजवून सलामी द्यावी. एको समिटची ७,३८२ फुटांची खिंड आमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, पण कुरकुर न करता चढली. ताहो सरोवराच्या काठी गर्दी होती, म्हणून तेथे थांबलो नाही.

फॅलन गाव सोडले की नेव्हाडाचा खरा रस्ता सुरू होतो. १९८६ साली 'लाइफ' मासिकाने या रस्त्याला अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले, तेही निंदेच्या सुरात, आणि नेव्हाडाच्या लोकांनी त्या निंदेचीच पाटी करून ती रस्त्याच्या कडेला लावली. फॅलनच्या पूर्वेस सँड माउंटन नावाची सुमारे सहाशे फूट उंचीची वाळूची टेकडी उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी घोडटपालाच्या एका ठाण्याचे दगडी अवशेष आहेत. पोनी एक्सप्रेस या नावाने गाजलेली ही घोडटपाल एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढीच चालली. तारायंत्राने तिचा निकाल लावला. जिनावर टाकायच्या खोगिरीतील टपाल वीस पौंडांच्या आसपास ठेवण्याचा दंडक होता आणि स्वारही मुद्दाम हलक्या अंगाचे निवडत, हे वाचून मला त्या व्यवस्थापकांविषयी एकदम आपुलकी वाटली.

याच ठाण्यावरून १८६० च्या ऑक्टोबरात रिचर्ड बर्टन गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात चाकरी केलेला, मराठी-गुजरातीचा अभ्यास केलेला, गोव्यावर १८५१ साली प्रवासग्रंथ लिहिणारा हा विक्षिप्त इंग्रज मीठसरोवरापासून कार्सनपर्यंतच्या प्रवासात येथे टेकला आणि 'द सिटी ऑफ द सेंट्स' या ग्रंथात त्याने या ठाण्याची जी नोंद केली तिच्यात पहिली तक्रार छपराची आहे: ठाण्याला छप्परच नव्हते. सिंधच्या उन्हात आणि अरबस्तानच्या वाळूत राहिलेल्या माणसाला जेथील अस्वच्छता सहन झाली नाही, तेथे गुडघाभर भिंतींच्या आत उभे राहून मी आमच्या गाडीच्या माथ्यावरील साडेचार फूट रुंदीच्या छपराकडे पाहिले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा गर्व झाला. मुक्काम मात्र तेथे केला नाही, कारण वाळूवर चढणाऱ्या यंत्रवाहनांचा तेथे अहोरात्र गोंगाट असतो.

मुक्कामाचा प्रश्न या प्रदेशात कसा सुटतो हे महाराष्ट्रातील वाचकाला गायरानाच्या दाखल्याने चटकन समजेल. नेव्हाडाची सुमारे ८० टक्के भूमी केंद्र सरकारची आहे, आणि त्यातील फार मोठा भाग, सुमारे ४.८ कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ तीन-पंचमांश, एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. पाणी नाही म्हणून जी जमीन फुकट देऊनही वसाहतवाल्यांनी घेतली नाही ती सरकारकडे पडून राहिली. १९३४ च्या टेलर कायद्याने तिच्यावरील चराईचे नियमन झाले, आणि १९४६ मध्ये चराई खाते व जुने जमीन दप्तर एकत्र करून हे खाते निर्माण झाले. त्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर कोणीही, परवाना न घेता किंवा भाडे न देता, सामान्यतः चौदा दिवसांच्या मुदतीपर्यंत राहू शकतो; मुदत संपली की दूर जावे लागते. आमच्यासारख्यांच्या भटकंतीचे श्रेय लोक वाहनाला देतात, पण ते या खात्याच्या नियमाला आहे. हा नियम नसता तर आमचे घर म्हणजे गॅरेजातली एक चमत्कारिक अडगळ ठरली असती.

अर्थात ही 'सरकारी' जमीन कोणाची, हाही प्रश्न निकालात निघालेला नाही. १८६३ च्या रूबी व्हॅलीच्या तहात पश्चिम शोशोनी लोकांनी या मुलखातून जाण्या-येण्याची, तारा आणि रेल्वे नेण्याची मुभा दिली. जमीन दिल्याचे त्या तहात कोठेही नाही. पुढे सरकारने नुकसानभरपाईची रक्कम मंजूर केली, आणि शोशोनींनी ती उचलण्यास नकार दिला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सरकारच्याच खात्यात जमा झाली म्हणजे चुकती झाली, असा निर्णय दिला. कायद्याचे मला फारसे कळत नाही. तरीही ज्याने पैसे घेतलेच नाहीत त्याला ते पोहोचले, हा युक्तिवाद मला पटलेला नाही.

मिडलगेटच्या पुढे एका खडीच्या वाटेने आत जाऊन आम्ही गाडी थांबवली, चाकांखाली लाकडी पाचरी देऊन ती समतल केली आणि छप्पर वर घेतले. संध्याकाळी तेथे वारा उठतो, आणि तो उठला म्हणजे कापडाच्या भिंती इतक्या फडफडतात की बोलणे ऐकू येत नाही. नियम असा, की गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, म्हणजे पुढची लाकडी फळी वारा अडवते. तेवढ्याने न भागले तर छप्पर सरळ खाली घ्यावे आणि आत पडून झोपावे. आम्ही पिठले-भात खाऊन दुसरा मार्ग पत्करला. पहाटे वारा पडला होता, रात्री केव्हातरी शिडकावा झाला होता, आणि भिजलेल्या सेजब्रश झुडपांचा उग्र, औषधी वास दार उघडताच आत आला. ससाण्यांखेरीज कोणी नव्हते.

पुढचा सर्व रस्ता एका लयीत जातो. नेव्हाडात डोंगरांच्या रांगा दक्षिणोत्तर पडलेल्या आहेत आणि रस्ता पूर्व-पश्चिम, त्यामुळे खिंड, दरी, पुन्हा खिंड असा क्रम दिवसभर चालतो. दरीत उतरले की दहा-पंधरा मैल सरळ पट्टा आणि समोर पुढची रांग. येथील एकही नदी समुद्राला मिळत नाही. खाऱ्या मैदानात जाऊन ती मुरते. ऑस्टिन हे चांदीच्या खाणींचे गाव आता ओसाडीच्या काठावर आहे, युरेका त्याहून बरे राखलेले आहे, आणि ईलीत पेट्रोल व भाजी दोन्ही मिळतात.

ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात व्हीलर शिखराकडे जाणाऱ्या घाटावर चोवीस फुटांहून लांब वाहनाला मज्जाव आहे. फाटकाशी दोन अजस्र मुक्कामी बसगाड्या तोंडे वळवून परतत होत्या, आणि आमची अठरा-एकोणीस फुटांची गाडी वर गेली; त्या क्षणी वसाहतीच्या नियमावलीचे आणि सात फुटी दाराचे मी मनोमन आभार मानले. वरचा तळ सुमारे ९,९०० फुटांवर आहे. तेथे सकाळी दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, कडाक्याच्या थंडीत वायुदांड्यांचा जोर ओसरतो, त्यामुळे घरी एका खांद्याने उचलले जाणारे छप्पर तेथे दोन खांदे मागते. दुसरी अशी की, दोन माणसांचा रात्रभरचा श्वास कोठेतरी जाऊन बसतोच: फोमच्या भिंती कोरड्या ठणठणीत, पण आरपार गेलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर दवाचा एकेक टपोरा थेंब, जणू मोजून ठेवल्यासारखा. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या की हे पुष्कळ कमी होते, आणि शेगडी वापरणाऱ्याने त्या तशाही उघड्या ठेवाव्यात.

तळापासून चढून गेल्यावर ब्रिसलकोन पाइनची राई लागते. वाकडे, निम्मे वाळलेले, सालीच्या एका अरुंद पट्टीवर जगणारे हे वृक्ष जेथे माती सर्वांत कमी आणि थंडी सर्वांत अधिक तेथेच सर्वांत दीर्घायुषी होतात, कारण ते सावकाश वाढतात आणि त्यांचे लाकूड किडीला दाद देत नाही. १९६४ साली येथील एक वृक्ष एका संशोधक विद्यार्थ्याने वनखात्याचा रीतसर परवाना घेऊन तोडला. नंतर वलये मोजली तेव्हा ती ४,८०० हून अधिक भरली. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दिवशी सर्व कागद व्यवस्थित तपासले असणार, याबद्दल मला शंका नाही.

ज्या वाचकाला, अमेरिकेत राहून, असे घर स्वतः बांधण्याची इच्छा होईल, त्याने आराखडा काढण्यापूर्वी दाराच्या चौकटीवरील चिठ्ठी वाचावी. आणि बांधून झाल्यावर, पाण्याची टाकी काठोकाठ भरून, शिधा चढवून, बरोबर येणाऱ्या माणसांसह गाडी महामार्गावरील ट्रकांच्या वजनकाट्यावर न्यावी. थोड्याच डॉलरांत पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे छापलेली पावती मिळते. मागच्या आसाचा आकडा आधी पाहावा. तो मर्यादेबाहेर असेल तर सामान उतरवावे, टायरांत हवा वाढवून भागवू नये.